भेंडीसाठी बांगडा

भर जुलैच्या कोसळत्या पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात झारी धरून निलेश धुरी गच्चीवरच्या भेंडीला पाणी घालत होता. मोबाइलवरच्या व्हिडिओत सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, असं सांगितलं होतं. पाऊस असेल तर काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. आणि न सांगितलेली गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर करायची नाही, हे निलेश सरकारी नोकरीच्या चौदा वर्षांत पक्कं शिकला होता.

"अवो, वरसून देव घालता तेवढा पाणी पुरे नाय काय?" जिन्याच्या दारात उभ्या राहिलेल्या संचिताने विचारलं.

"ता पावसाचा पाणी. ह्या नियमाचा."

संचिता शाळेत शिक्षिका होती. काही मुलांना समजावून उपयोग नसतो, हे तिला ठाऊक होतं. ती खाली गेली.

ओरोसच्या सरकारी वसाहतीतली ही इमारत नऊ बिऱ्हाडांची. निलेश सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्याचं मूळ घर तळेऱ्याच्या पुढे, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या भात, काजू, आंबा. मे महिन्यात गावी गेला असताना त्याच्या वडिलांनी चार पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "आमच्या निलेशाच्या हातान रुजाचा म्हटला, तर गवत पण इचार करता." पाहुणे हसले. निलेशही हसला, आणि परत येताना कुडाळला उतरून त्याने बियांची बारा पाकिटं आणि माती भरायच्या बारा पिशव्या घेतल्या.

गच्ची वापरायला परवानगी लागत होती. ती दाजी सामंतांनी दिली, लेखी, तीन अटींवर. दाजी इमारतीच्या कमिटीचे सचिव. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, त्यामुळे ऑफिसात त्यांना काम उरलं नव्हतं आणि इमारतीत ते संपत नव्हतं.

दीड महिन्याने भेंडी वीतभर झाली आणि तिथेच थांबली. पानं पिवळी पडली. मिरचीने मान टाकली. निलेशने पुन्हा मोबाइल उघडला. त्यातल्या उत्साही माणसाने हात उंचावून सांगितलं की अशा झाडांना एकच औषध, मासळीचं खत. जेवढी मासळीची घाण, तेवढाच गूळ, बंद ड्रममध्ये महिनाभर. मग भेंडी तुमच्या डोक्यावरून जाईल आणि वास तर अजिबात येणार नाही.

दिव्यांच्या अवसेला निलेश कुडाळच्या मासळीबाजारात गेला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, म्हणून बाजारात ही गर्दी. त्या गर्दीत त्याने कोळणीकडे बांगड्याची डोकी आणि आतडी मागितली. चार किलो.

"मांजरा किती पाळल्यात?" तिने विचारलं.

"चार," निलेश म्हणाला. खरं सांगायला तिथे वेळ नव्हता.

राहिला गूळ. घरात गूळ होता, पण तो संचिताने चतुर्थीच्या नेवऱ्यांसाठी, म्हणजे करंज्यांसाठी, बाजूला काढलेला. चार किलो नेला असता तर तो दिवस घरात वेगळ्या कारणाने लक्षात राहिला असता. निलेशने अर्धा किलोच काढला. पाण्याच्या बाबतीत अक्षरशः पाळलेला नियम गुळाच्या बाबतीत त्याने भावार्थाने घेतला. मग ड्रमचं झाकण गच्च बसवून तो त्याने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवला, वर पत्रा टाकला आणि घरी येऊन शेवटचा बांगडा खाल्ला.

श्रावणाचे पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात किंचित वास आला, आणि नुकतेच मासे सोडलेल्या बिऱ्हाडांना तो जवळजवळ आवडला. पाचव्या दिवशी आवडेनासा झाला. सोमवारी सकाळी दाजी साबुदाण्याच्या खिचडीची बशी घेऊन व्हरांड्यात आले, त्यांनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तो तसाच बशीत ठेवून तातडीची सभा बोलावली.

सभा जिन्याखाली भरली. एरवी मालवणीत बोलणारे दाजी सभेत शुद्ध मराठीत बोलत.

"सदर वास मत्स्यजन्य असल्याचं प्रथमदर्शनी दिसतं," ते म्हणाले.

"दिसता खंय, दाजी? येता!" तळमजल्याच्या दारात बसलेल्या राधाबाई म्हणाल्या. राधाबाई मूळच्या देवबागच्या, सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा शिवा सरकारी गाडीवर ड्रायव्हर, त्याच्याकडे राहत.

दाजींनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि वासशोध समिती नेमली. अध्यक्ष कोण? जो माणूस रोज दोनदा गच्चीवर जातो, ज्याची इमारतीत सगळीकडे ये-जा आहे, असा माणूस एकच होता.

"निलेश धुरी," दाजी म्हणाले. टाळ्या पडल्या. "धुरी, गच्चीवर काही आढळलं?"

खरं सांगण्याची ती सगळ्यात सोपी वेळ होती. पण समोर संचिता उभी होती, आणि तिला अजून गुळाचं कळलं नव्हतं.

"नाय," अध्यक्ष म्हणाले. "गच्चीर काय एक नाय."

गच्चीवर काही नाही म्हटल्यावर टाकीतच असणार, असं दाजींनी ठरवलं. कावळ्याने मासा टाकला असेल. टाकी रिकामी केली. टाकी धुवायला आलेली माणसं ड्रमपासून चार हातांवर उभी राहून नाकाला रुमाल बांधून टाकी घासत होती, आणि निलेश ड्रमवरच्या पत्र्यावर पाय सोडून बसून त्यांच्यावर देखरेख करत होता. टाकीत एक चमचा सापडला. तो कोणाचा, यावर दोन बिऱ्हाडांत बोलणं बंद झालं. पाणी दीड दिवस नव्हतं. वास होता.

त्या दीड दिवसात निलेशने ड्रम हलवायचं दोनदा ठरवलं. पण झाकण फुगून एका कडेने उचललं गेलं होतं आणि हात लावला की आतून कोणीतरी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येई. त्याने झाकणावर धोंडा ठेवला आणि खाली आला.

टाकी स्वच्छ निघाल्यावर संशयाला जायला एकच जागा उरली. राधाबाईंच्या घरी पावसाळ्याची बेगमी होती, खाऱ्या बांगड्यांची एक बरणी आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, एक. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सगळ्यांनी तिथून कधी ना कधी मूठभर नेलेलं होतं.

समिती राधाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली. राधाबाईंनी दोन्ही बरण्या ओट्यावर आणून ठेवल्या आणि झाकणं काढली.

"निलेशा, तू अध्यक्ष मा? बरो हुंग."

निलेश वाकला. खारट, कोरडा, उन्हात वाळलेला वास. त्याला एकदम भूक लागली.

"आता जिन्यात जाऊन हुंग. ह्यो वाळलेल्याचो वास, थंयचो कुजलेल्याचो. फरक कळता मा तुका?"

निलेशला तो फरक सबंध इमारतीत सगळ्यात चांगला कळत होता. तो सरळ उभा राहिला. त्याचं न बोलणं दाजींनी इतिवृत्तात 'अध्यक्षांनी तपासणी करून मौन पाळलं' असं लिहून घेतलं. निर्णय झाला की श्रावण संपेपर्यंत बरण्या इमारतीच्या हद्दीबाहेर. खाली अध्यक्षांची सही. निलेशने सही केली. सही करताना त्याने वर पाहिलं नाही.

शिवाने मान खाली घालून बरण्या स्कूटरवर बांधल्या आणि वालावलला आपल्या सासुरवाडीला पोचवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालेल्या निलेशला राधाबाई उंबऱ्यात पेज पिताना दिसल्या. बाजूच्या बशीत नुसतं मीठ होतं.

"पेजेक तोंडाक काय नाय रे," त्या हसून म्हणाल्या. "चलता. म्हातारपणात जिभेक शिस्त बरी."

निलेश त्या दिवशी ऑफिसात तीन पत्रांवर चुकीची तारीख टाकून आला. येताना बसमध्ये त्याने ठरवलं, आजच ड्रम उचलायचा, कुठेही टाकायचा, आणि सगळ्यांना सांगायचं. संचिताला आधी.

तो इमारतीत शिरला आणि थबकला. वास नव्हता.

जिन्यात, व्हरांड्यात, कुठेच नव्हता. पहिल्या मजल्यावर दाजी छाती भरभरून श्वास घेत उभे होते. "सिद्ध झाला मा? बरण्यो गेले, वास गेलो!"

निलेश दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेला. टाकीशेजारी ड्रम उलटा घालून ठेवला होता, घासूनपुसून, चकचकीत. तो घरी आला आणि जपून म्हणाला, "संचिता, तू गच्चीर गेललस?"

"मी कित्याक जावू? छत्री एकच आसा आणि ती तुमच्या भेंडीक लागता."

रविवारी जिन्याखाली पुन्हा सभा भरली. या वेळी अध्यक्षांच्या सत्काराची. दाजींनी नारळ पुढे केला. दारात बसलेल्या राधाबाई सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होत्या, आणि तेवढं मात्र निलेशला सहन झालं नाही.

"थांबा," तो म्हणाला. "वास राधाबायच्या बरण्यांचो नव्हतो. माज्या ड्रमाचो होतो. मी बांगड्याची डोकी कुजवत घातलंय. भेंडीक."

दाजींचे डोळे हळूहळू पाणावले.

"बघा," ते सद्गदित होऊन म्हणाले. "एका म्हाताऱ्या बाईची अब्रू राखण्यासाठी हा माणूस स्वतःवर आळ घेतो."

"अवो दाजी, खरा सांगतंय! चला, ड्रम दाखवतंय!"

सगळी इमारत गच्चीवर गेली. दाजींनी ड्रम सरळ केला, आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"लिंबाच्या साबणाचो वास येता," त्यांनी जाहीर केलं, आणि नारळ निलेशच्या हातात कोंबला.

पुन्हा टाळ्या. एक संचिता तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती निलेशकडे रोखून पाहत होती.

"म्हणजे डब्यातलो अर्धो किलो गूळ…" ती हळूच म्हणाली.

त्याच्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस अखेर मिळालं होतं. त्याचा त्याला दोन दिवस पुष्कळ त्रास झाला.

संध्याकाळी तो राधाबाईंकडे गेला. त्या तांदूळ निवडत होत्या.

"बायनु, माका माफ करा," तो म्हणाला. पुढे काय म्हणायचं ते जिन्यात पाठ केलं होतं, पण आठवेना.

"बस. ड्रम शिवान धुतल्यान. मीच सांगितलंय. आतला सगळा मागल्या माडांका पुरून घातला."

"म्हणजे तुमका ठाव होता?"

"कुडाळची ती कोळीण माज्या भैनीची सून, हंय येता-जाता तुका बघलेली. तुमच्या धुऱ्यांनी चार मांजरा कधी पाळली, म्हणान माकाच इचारूक लागली." राधाबाईंनी एक खडा टिपून बाजूला टाकला. "आणि माजो बापूस देवबागाक माडांका म्हावराच घाली. वास वळखूक माका समिती नको. मेल्या, म्हावऱ्याचा खत माडाक घालतत. वीतभर भेंडीक न्हय."

"मग त्या दिवशी बोललास कित्याक नाय?"

"बोलले असतंय तर दाजीन तुजी झाडा काढून टाकली असती. आणि तुज्या बायलेन तुका. माजा काय, दोन बरण्यो! त्या काय मरूक नाय, वालावलाक गेले." त्यांनी तांदळावरून हात फिरवला. "फक्त तू सही केलस ना, तेव्हा माका वायच वायट वाटला."

निलेश जमिनीकडे पाहत राहिला.

"आता तोंड पाडून बसा नको. त्या पिशव्यांका खाली भोका मारलंस?"

"भोका?"

"अरे देवा! पाण्यात बूड कुसला तेंचा! फाल्या सकाळी दाभण घेऊन भोका मार, चुलीतली राख घाल, आणि पाऊस आसा थंयसर झारी माज्याकडे आणून ठेव. आणि दर बुधवारी येताना माका चार बांगडे."

"राधाबाय, श्रावण…"

"श्रावण तुमचो. माज्या बरण्यो कोणी पाठवल्यानी?"

अध्यक्षांनी बुधवार मोबाइलमध्ये नोंदवून घेतला.

पुढचे तीन बुधवार निलेश ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या खाली, वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून बांगडे आणत राहिला. मागच्या दाराने देई आणि पुढच्या जिन्याने साळसूदपणे वर जाई. सातच्या सुमाराला तळमजल्यावरून तळलेल्या बांगड्याचा खरपूस वास निघे आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढे. पण इमारतीतला वास कायमचा बंद झाल्याची नोंद इतिवृत्तात झाली होती. त्यावर नऊ बिऱ्हाडांच्या सह्या होत्या. त्यामुळे तो कोणाला येत नव्हता.

पिशव्यांना भोकं पडली. दोन आठवड्यांत भेंडीने पिवळी पानं टाकली आणि नवी काढली. श्रावणातल्या शेवटच्या बुधवारी पहिल्या तीन भेंड्या तोडण्याजोग्या झाल्या. घरी दाखवण्याआधी त्या राधाबाईंना दाखवाव्यात, असं निलेशला वाटलं. बांगडे देऊन अर्ध्या तासाने तो भेंड्या रुमालात गुंडाळून पुन्हा खाली गेला आणि मागचं दार ढकलून आत शिरला.

ओट्यावर तवा चरचरत होता. आणि भिंतीशी, पाटावर, सदऱ्याची बाही सरसावून दाजी सामंत बसले होते. समोर भाकरी होती, हातात अर्धा बांगडा.

तवा तेवढा बोलत होता.

"माका पित्ताचो मोठो त्रास," शेवटी दाजी म्हणाले. "डॉक्टरान सांगल्यान, उपास झेपाचो नाय."

"पैल्या बुधवारापासून येतत," राधाबाई तवा हलवत म्हणाल्या. "चार बांगड्यांतले दोन कोण खाता, तुका काय वाटला? मी म्हातारी?"

निलेशने रुमाल सोडून भेंड्या ओट्यावर ठेवल्या. राधाबाईंनी त्या उचलून पाहिल्या, एक मोडून बघितली, आणि तिन्ही चिरून बांगड्याशेजारी तव्यात टाकल्या.

दाजींनी पाट सरकवून जागा केली, घसा खाकरला आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "धुरी, बसा. दार लावून घ्या आधी. अध्यक्ष आले, कोरम झाला."