ना-जबाबदारी पत्र

शिंप्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, याबद्दल दुमत नव्हतं. शुक्रवारी पाचच्या आत फी न भरल्यास जागा दुसऱ्याला जाणार, याबद्दलही नव्हतं. घोडं अडलं अर्जाच्या सतराव्या रकान्यात: ‘फी भरण्यास जबाबदार व्यक्ती.’

शिंप्याने तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि पैसे घेऊन तो खिडकीशी उभा राहिला.

“पुरावा?” कारकुनाने विचारलं.

“कशाचा?”

“तुम्ही जबाबदार असल्याचा.”

“अहो, बाप आहे मी तिचा!”

“बाप असणं वेगळं, जबाबदार असणं वेगळं. मी माझ्या घरात दोन्ही पाहिलंय. बाकी कोणी जबाबदार नाही हे सिद्ध करा, म्हणजे उरलात तुम्ही. जवळच्या सगळ्या नातेवाइकांची ना-जबाबदारी पत्रं आणा.”

निकालाच्या दिवशी ही मुलगी सगळ्यांची होती. गणित आमच्याकडून आलंय, असं मामांनी जाहीर केलं होतं. इंग्रजीचं श्रेय काकांनी परस्पर घेतलं होतं. आता सह्यांसाठी यांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागणार, असं शिंप्याला वाटलं. पण आजारपणातही न फिरकणारी माणसं तासाभरात हजर झाली. मामांनी तर दोन प्रतींवर सह्या केल्या.

“एक राहू दे, भाऊजी. धाकटीच्या वेळी पुन्हा कुठे धावपळ करता!”

शुक्रवारी दुपारी शिंपी मुलीला घेऊन खिडकीशी गेला. कारकुनाने पत्रं मोजली.

“एक कमी आहे. वडिलांचं.”

“पण वडील म्हणजे मीच!”

“जवळचे नातेवाईक आहात ना? मग यादीत आलात.”

“मीच जबाबदार नाही म्हणून लिहून दिलं, तर उरलं कोण?”

“तो पुढच्या टेबलाचा प्रश्न. माझ्याकडे फाइल पूर्ण लागते.”

“बाबा, नका करू सही,” मुलगी म्हणाली.

घड्याळात साडेचार झाले होते. शिंप्याने सही केली. जन्मात त्याचं कापड कधी चुकीचं कापलं गेलं नव्हतं. आज मात्र कात्री चुकली असं त्याला वाटलं, आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

पुढचं टेबल प्राचार्यांचं होतं. फाइल पाहून ते खूश झाले. इतकी परिपूर्ण फाइल त्यांनी सेवाकाळात पाहिली नव्हती. सबब, जबाबदार कोणीही नाही, असा शेरा त्यांनी मारला. शिंप्याने पैसे टेबलावर ठेवले.

“बेजबाबदार माणसाकडून पैसे कसे घेणार? तुम्हीच लिहून दिलंय.”

“मग मी भरते, सर,” मुलगी म्हणाली.

“जबाबदार व्यक्ती पदवीधर लागते, बाळ. पदवी घेऊन ये, लगेच प्रवेश देतो.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राचार्यही माणूसच, त्यांनी जागा सात दिवस राखून ठेवली आणि जाहीर सूचना काढली: सदर विद्यार्थिनीची हकीकत ज्यांच्या वाचनात येईल, त्यांनी मुदतीत ना-जबाबदारी पत्र न दिल्यास त्यांनाच जबाबदार धरण्यात येईल.

ती हकीकत आपण आत्ताच वाचलीत. घाबरू नका. रांग लांब असली तरी सगळी आपल्यासारखीच सुशिक्षित, शिक्षणाची कळकळ असलेली माणसं आहेत, त्यामुळे भराभर सरकते. कोरे नमुने वाटायला कॉलेजने त्या मुलीलाच बसवलं आहे. सही कुठे करायची ते ती नीट दाखवते. तिच्याकडे बघायची सक्ती नाही.