खुर्ची दुरुस्तीला आहे

"दावणीची गुरं गेली, अन् आता कातडं इकत आणलंय घरात," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्वारीतले खडे वेचता वेचता पुटपुटल्या. बोलणं मांडीवरच्या सुपाशी चाललं होतं, पण मी हातभर अंतरावरच बसले होते.

"कातडं न्हाय आत्याबाई, रेग्झिन हाय. नुसतं दिसतं तसं."

"दिसतं ना?"

मी कात्री उचलली.

तुम्हाला सांगते, हाताच्या कामात मी कुणाला हार जात नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही, वाचायला शिकले ती खताच्या पोत्यांवरून. शिवणयंत्र खोलून पुन्हा जोडलंय मी. एक स्क्रू उरला, तो जपून ठेवलाय. तेव्हा कळंबच्या बाजारात एकजण ओरडून सांगत होता, की मागचा कागद सोला, दाबा, फाटकी खुर्ची पाच मिनिटांत नवी, तर मी का मागं राहू?

खुर्ची मामांची. मामा म्हणजे माझे सासरे, आबाराव. गावच्या दूध सोसायटीचे अकरा वर्षं चेअरमन. खुर्ची सोसायटीतलीच. आसन फाटलेलं, स्प्रिंगा वर आलेल्या. दिवाळीनंतर सेक्रेटरी शिवप्पानं ती डोक्यावर घेऊन आमच्याकडं आणून टाकली आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "चेअरमन, ही दुरुस्त होईस्तोवर घरीच आराम करा."

खरं असं होतं, की सोसायटी बंद पडली होती. दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. गुरं कुणी विकली, कुणी चारा छावणीला नेली. कॅनचा तळ ओला होईना, तशी दुधाची गाडी यायची थांबली. पण मामांना सांगणार कोण? आमची कपिला गाय विकली तेव्हा त्यांनी आठ दिवस तोंड उघडलं नव्हतं, ना बोलायला, ना धड जेवायला. म्हणून सगळ्या गावानं एकच धरून ठेवलं, खुर्ची दुरुस्तीला आहे. आधी सुतार ऊसतोडीला गेला. मग सुतार आला, तर रेग्झिन मिळेना. मामा रोज सकाळी धुतलेली टोपी घालून ओसरीच्या पायरीवर बसायचे आणि विचारायचे, "आला का सुतार?"

मला ते पाहवेना. माणसानं घरात तरी धड खुर्चीत बसावं, एवढाच माझा विचार. त्यापुढचं डोक्यातच आलं नाही.

कागद मी एका दमात सोलला. इथंच चुकलं. रेग्झिन आधी स्वतःलाच चिकटलं, मग माझ्या पदराला, मग आत्याबाईंच्या सुपाला. पसाभर ज्वारी घेऊनच ते सुटलं. निम्मं वाया गेलं. उरलेल्याचे तुकडे जोडून जोडून मी आसन मढवलं आणि कुरडया वाळवाव्यात तशी खुर्ची दुपारभर चैत्राच्या उन्हात ठेवली. चिकटवलेलं वाळायला नको का?

तिसऱ्या प्रहरी आमचे हे आले.

"हे कुणी केलं?"

"मी," म्हटलं. मान ताठच होती.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"फाटली होती की."

"अगं, फाटलेलीच पायजे होती ना ती!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही दोघं लागलो ओरबाडायला. माझी नखं तुटली, ह्यांनी विळा आणला, पण रेग्झिन जागचं हलेना. बाजारातला माणूस सहसा खरं बोलत नाही. हा नेमका बोलला होता.

एवढ्यात मामा आले. ह्यांनी विळा पाठीमागं लपवला. मामांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला. गाईच्या पाठीवरून फिरवायचे तसा.

"झ्याक केलीस, बाई," म्हणाले. आत गेले, कोट घालून आले, ह्यांना म्हणाले, "उत्तरेश्वर, शिवप्पाला हाक मार. खुर्ची न्यायचीय." आणि बसून पाहिलं.

शिवप्पा आला. खुर्ची बघून त्याचा चेहरा पडला.

"चेअरमन, आज अमावस्या हाय."

"परवा झाली."

"मग जरा वाळू द्या की."

"लई वाळलीय. उचल."

मामा उठले. खुर्चीही उठली. उन्हानं जोडाजोडातून डिंक पाझरला होता आणि धोतर त्यात पुरतं बसलं होतं. शिवप्पानं खुर्चीचे पाय धरले, ह्यांनी मामांचे खांदे. मी मधे वाकून धोतर सोडवायला लागले. सासऱ्यांचं धोतर! डोक्यावरचा पदर सावरू का डिंक सोडवू, कळेना. एका झटक्यात शिवप्पा मागं पडला आणि खुर्चीचा एक पाय त्याच्या हातात आला. मला हसू फुटलं. ह्यांनाही. शेवटी मामाही हसले. दिवाळीपासून पहिल्यांदाच.

"वढा की लेकांनो," हसत हसत मामा म्हणाले, "दुधाची गाडी यायची येळ झाली."

मग कुणी ओढेना. शिवप्पा हातातल्या पायाकडं बघत बसला. हे विळ्याकडं. मी डिंकाकडं. मामा अर्धवट वाकून तसेच उभे, तीन पायांची खुर्ची पाठीशी घेऊन.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं.

"गाडी येत न्हाय आता," त्या म्हणाल्या. "सोसायटी बंद पडलीय. दिवाळीलाच. बसा तुम्ही."

मामांनी एकेकाकडं पाहिलं. मग हळूच खाली बसले. शिवप्पानं मोडक्या कोपऱ्याखाली आपला गुडघा दिला.

त्यांना पटलं म्हणून बसले, असं गावात सगळे म्हणतात. पण धोतर अजून सुटलं नव्हतं, हे मला माहीत.