जंतू दाखवा, गोळ्या न्या

मंगळवार, १२ मार्च १९७४. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पिंपळडोहच्या आरोग्य केंद्राच्या खिडकीत पुंजाजीला असं कळवण्यात आलं की, त्याच्या थुंकीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत. सबब, त्याच्या गोळ्या आजपासून बंद करण्यात येत आहेत.

खिडकीच्या आत कंपाउंडर माणिकराव होते. खिडकीच्या बाहेर, बरोबर पुंजाजीच्या डोक्यावर, एक बोर्ड होता. त्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं : ‘क्षयरोग्यांनो, बरे वाटले तरी औषध सोडू नका. पूर्ण अठरा महिने घ्या.’ अक्षर माणिकरावांचंच होतं.

“पन माह्ये दहाच महिने झाले,” पुंजाजी म्हणाला. “डाक्टरसायबानं अठरा सांगतले.”

“कोणाला सांगितले?”

“मले.”

“तेव्हा तुम्ही कोण होता?”

“तवाबी मी पुंजाजीच होतो.”

“तेव्हा तुम्ही रुग्ण होता,” माणिकराव शांतपणे म्हणाले. “औषध रुग्णासाठी असतं. आज तुमच्या थुंकीत जंतू नाहीत, म्हणजे तुम्ही रुग्ण नाही. निरोगी माणसाला सरकारी गोळ्या दिल्या तर मला वर उत्तर द्यावं लागेल.”

“मंग हा बोर्ड?”

“बोर्ड आरोग्य शिक्षणाचा. गोळ्या भांडाराच्या. खाती वेगळी आहेत.”

पुंजाजीने डॉक्टरसाहेबांना भेटायचं म्हटलं. साहेब जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांच्या बैठकीला गेले होते. बैठकीचा विषय होता : रुग्ण औषध मधेच का सोडतात.

पुंजाजीला मधे सोडलेल्या औषधाचा अनुभव होता. त्याच्या थोरल्या भावाने, जगदेवने, तीनदा औषध सुरू केलं आणि तीनदा बरं वाटलं म्हणून सोडलं. चौथ्यांदा सुरू केलं तेव्हा गोळ्या तशाच पांढऱ्या होत्या, पण अंगाला लागेनात. जंतू त्या गोळ्यांना सरावले, असं डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं. जगदेवला खांदा देऊन आल्यावर दोन वर्षांनी पुंजाजीला स्वतःला खोकला लागला, आणि त्याने त्याच दिवशी ठरवलं की आपण एक गोळी चुकवायची नाही. घरात घड्याळ नव्हतं. सकाळी नऊची एसटी मेडशीकडे जाताना फाट्यावर हॉर्न वाजवी. हॉर्न वाजला की पुंजाजी गोळी तोंडात टाकी. एसटी आली नाही तर शाळेच्या घंटेवर. दारू सोडली, विडी सोडली. अंगावर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे दिसले तर धावत या, असं सांगितलं होतं म्हणून बायको सोजरबाई दर रविवारी त्याला उजेडात उभा करून डोळ्यांच्या पापण्या ओढून बघत असे. अठरातले आठ महिने राहिले होते. डब्यात सहा गोळ्या होत्या.

केंद्राच्या ओट्यावर देवमन बसला होता. दोघांनी एकाच दिवशी औषध सुरू केलेलं. फरक इतकाच की देवमनला दुसऱ्याच महिन्यात बरं वाटलं. तो दर महिन्याला येऊन गोळ्या मात्र इमानाने न्यायचा, कारण फुकट मिळालेली वस्तू नाकारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्या गोळ्या त्याने आल्यागेल्याला दिल्या. साळ्याला ताप आला तेव्हा दोन, शेजारणीच्या गुडघ्याला चार, आणि बैल चारा खाईना तेव्हा बैलाला आठ. बैल सुधारला, असं तो सांगे.

“जयभीम, भाऊ. तोंड काहून उतरलं?”

“माह्ये जंतू गेले.”

“अन् माह्ये हायेत,” देवमन म्हणाला, आणि बराच वेळ खोकला. “नसीब पाह्य. मले पायजेत नाई तं हायेत, तुले पायजेत तं नाईत.”

“तुले काहून नको?”

देवमनने खिशातून एक कागद काढला. क्षयरोग प्रचारासाठी एक मानधनी प्रचारक नेमायचा होता. पात्रता : सातवी पास, खणखणीत आवाज, आणि स्वतः क्षयातून पूर्ण बरा झालेला असणं, तसा दाखला जोडून.

“सातवी पास हाय,” देवमन म्हणाला. “आवाज तं तुले माहीतच हाय. दाखल्यापायी अडून राह्यलं.”

पुंजाजी कागदाकडे बघत राहिला. मग त्याने ओट्यावरच्या दोन डब्यांकडे बघितलं. शंका असल्यास थुंकीचा दुसरा नमुना देता येतो, असा नियम होता आणि दोघांनीही तसा अर्ज केलेला होता. दोन्ही डब्या पत्र्याच्या, सारख्या, अजून रिकाम्या. एकीवर त्याचं नाव, दुसरीवर देवमनचं.

“देवमन, तू गोळ्या घेशीन ना मंग?”

“नोकरी लागली का घेतो.”

“आयच्यान?”

“आता तुह्यासारकं हॉर्न वाजला का तोंड उघडनं मले जमत नाई, पन घेतो, बापा.”

पुंजाजीला यात काहीतरी चुकतंय हे कळत होतं. पण त्याला सहा गोळ्याही दिसत होत्या, आणि जगदेवही दिसत होता. त्याने देवमनची डबी उचलली आणि आपली त्याच्यापुढे सरकवली.

दुपारी चार वाजता निकाल लागला. माणिकराव स्वतः खिडकीबाहेर आले. “अभिनंदन, पुंजाजी! निघाले. भरपूर निघाले.” त्यांनी अठ्ठावीस गोळ्या मोजून दिल्या. “मी म्हणतच होतो, तुमच्यासारखा नियमित माणूस इतक्यात बरा होणं शक्य नाही.”

साहेब बैठकीहून परतल्यावर देवमनला दाखला मिळाला. त्याच्यावर गोल शिक्का होता.

पुढच्या महिन्यात, नऊ एप्रिलला, पुंजाजीला गोळ्यांसाठी पुन्हा जंतू दाखवावे लागले. देवमनने ते आनंदाने पुरवले. तो आता जीपमधून फिरत होता आणि त्याच्याकडे भोंगा होता. “लागतीन तितके सांग,” तो म्हणाला. “माह्याजवळ कमी नाईत.”

“गोळ्या सुरू केल्या?”

“कोन देईन मले? मी बरा झालेला मानूस. दाखल्यावर शिक्का हाय.”

पुंजाजीने डबी घेतली. देवमन जीपमध्ये चढला.

चौदा एप्रिलनंतरच्या आठवड्यात जीप पुंजाजीच्या गावी आली. शाळेपुढच्या पटांगणात कंदील लावले, सतरंजी घातली, पुढे सरपंचांसाठी आणि गुरुजींसाठी खुर्च्या मांडल्या. देवमन भोंगा हातात घेऊन उभा राहिला आणि त्याने सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. गोळी रोज घ्या, ठरल्या वेळी घ्या. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बरं वाटलं म्हणून सोडू नका. आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याची घेऊ नका. अंगावर पुरळ आलं, डोळे पिवळे झाले तर दवाखाना गाठा. खोकताना तोंडापुढे कपडा धरा.

मग कार्यक्रमातला मुख्य भाग आला. ‘औषध मधेच सोडणाऱ्याची अवस्था’ देवमन करून दाखवत असे.

तो खोकला. आधी हळू, मग वाकून, मग गुडघ्यांवर बसून. पोरं बघायला पुढे सरकली. देवमनने तोंडापुढचा रुमाल बाजूला केला तर त्यावर लाल डाग होता. पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“काय नक्कल करते!” सरपंच म्हणाले. “हुबेहूब. असा कलावंत शहरात असता तं नाव कमावलं असतं.”

“लाल रंग कुठला वापरता?” गुरुजींनी विचारलं. त्यांना गॅदरिंगसाठी हवा होता.

सोजरबाई बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत बसली होती. घरी येताना तिने नवऱ्याला मागे थांबवलं. मग म्हणाली, “आवो, थो रंग नवता.”

“माहीत हाय.”

“मंग तुमी टाया काहून वाजवल्या?”

“समदे वाजवून राह्यले होते.”

सात मे रोजी पुंजाजी खिडकीपुढे उभा राहिला तेव्हा माणिकरावांचा चेहरा गंभीर होता. डॉक्टरसाहेब पुढच्या बैठकीला गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी पुंजाजीच्या कार्डावर एक ओळ लिहून ठेवली होती, ती माणिकरावांनी वाचून दाखवली. “बारा महिने एकही दिवस न चुकता औषध घेऊनही जंतू कायम. औषध लागू पडत नाही. पुढील पुरवठा निरर्थक.”

“म्हंजे?”

“म्हणजे गोळ्या बंद.”

पुंजाजीने खिडकीचा गज धरला. “माणिकरावजी, मार्चात जंतू नवते म्हनून बंद केल्या. आता जंतू हायेत म्हनून बंद करता?”

“नीट समजून घ्या. जंतू निघाले नाहीत तर तुम्ही बरे, औषधाची गरज नाही. जंतू निघाले तर औषधाचा उपयोग नाही. दोन्हीत विरोध नाही.”

“मंग ह्या गोळ्या भेटतात कोनाले?”

“नव्या रुग्णाला. त्याचं काय होणार हे अजून ठरलेलं नसतं.”

पुंजाजी इकडेतिकडे बघत आवाज खाली आणून म्हणाला, “सायेब, खरं सांगू? थे जंतू माह्ये नाईत.”

माणिकरावांनी लेखणी खाली ठेवली. कपाळाला आठी पडली, आणि त्यांची सरकारी भाषा गळून पडली. “हे पाह्य पुंजाजी, हे तू बोलला अन् म्या आयकलं नाई. तुह्ये नाईत तं कोनाचे, असं मले लिहा लागन. देवमनचे म्हनशीन, तं त्याचा दाखला खोटा. दाखल्यावर सही सायबाची. जिल्ह्यानं त्याच्या कामाची तारीफ छापून पाठवली हाय. तीन तालुके त्याले मागून राह्यले. तुह्या एका थुंकीपायी समदा क्षयरोग कार्यक्रम बुडवतं का?”

“मंग म्या काय करू?”

माणिकरावांनी लेखणी पुन्हा उचलली. “नवा रुग्ण आणा,” ते म्हणाले.

नवा रुग्ण घरात होता. सोजरबाईच्या नावाने कार्ड काढायचं, देवमनच्या डबीवर तिचं नाव टाकायचं आणि तिला मिळणाऱ्या गोळ्यांवर पुंजाजीचे सहा महिने पूर्ण करायचे, असं ठरलं. म्हणजे पुंजाजीने ठरवलं. सोजरबाई ऐकत होती.

चौदा मे, मंगळवार. सहा गोळ्या आदल्या दिवशी संपल्या होत्या. नऊची एसटी हॉर्न वाजवून गेली आणि बारा महिन्यांत पहिल्यांदाच पुंजाजीच्या तोंडात काही नव्हतं. तो सोजरबाईला घेऊन केंद्रावर गेला. देवमन ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. भोंगा मांडीवर होता, आणि तो आता भोंग्याशिवाय ऐकू येत नव्हता. त्याने डबी पुढे केली.

सोजरबाईने ती घेतली, आडोशाला गेली आणि थोड्या वेळाने डबी खिडकीत देऊन आली.

चार वाजता माणिकराव बाहेर आले. “अभिनंदन,” ते म्हणाले. “नवा रुग्ण. जंतू निघाले.” त्यांनी कार्ड केलं, सगळे नियम वाचून दाखवले आणि अठ्ठावीस गोळ्यांची बाटली सोजरबाईच्या हातात दिली.

पुंजाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. फाट्यापर्यंत तो जवळजवळ हसतच चालला. सोजरबाई मागून येत होती. बाभळीखाली ती थांबली.

“आवो, एक सांगू का?”

“सांग.”

“देवमनभाऊची डबी म्या गटारात फेकली अन् ओट्यावरची कोरी डबी घेतली. परक्या मानसाची थुंकी हातात धरून माह्या नावानं द्याची, मले किळस आली. म्या माहीच देल्ली.”

पुंजाजी उभा राहिला. मग त्याला सगळं कळलं. तिच्या रात्रीच्या घामाचं कारण उन्हाळा नव्हता, आणि जेवण न जाण्याचं कारण उपास नव्हता. हे जंतू नवऱ्याचे, दिराचे की तिसऱ्या रांगेतून उचललेले, यासाठी कार्डावर रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी दोघं बाटली मधे ठेवून बसले.

“आर्दी आर्दी घेऊ,” सोजरबाई म्हणाली.

“आर्ध्यानं दोघंबी जाऊ. जगदेवचं पाह्यलं ना?”

“मंग तुमी घ्या. तुमचे सहाच महिने राह्यले.”

“बाटलीवर तुहं नाव हाय.”

“नाव तं माह्यं तुमच्यासाठीच लावलं होतं.”

केंद्राकडे चौकशी केली असता माहिती मिळाली ती अशी : पिंपळडोह केंद्रात गेल्या वर्षी औषध सुरू केलेल्या दोन रुग्णांपैकी एक पूर्ण बरा असून सरकारी सेवेत आहे, दुसऱ्यावर औषध लागू पडलेलं नाही, एक नवी रुग्ण नोंदवली आहे, औषध मधेच सोडणारा एकही नाही. तक्रार नाही. देवमनचा पुढचा कार्यक्रम, वाचकहो, शनिवारी आपल्या गावी, शाळेपुढे आहे. लिहिण्यावाचणाऱ्या मंडळींसाठी पहिल्या रांगेत खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. मागच्या वेळी टाळ्या आपणच सुरू केल्या होत्या, असं सरपंच सांगतात.

बुधवार, १५ मे. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मेडशीची एसटी फाट्यावर हॉर्न वाजवून गेली. बाटलीचं बूच तोपर्यंत कोणी काढलेलं नव्हतं.