हँगरवर वाळत घातलेला सूर

मी कपाटातून फक्त एक हँगर घेतला होता. पुढचं सगळं रामायण त्या हँगरमुळे झालं.

त्याचं असं, की मी मोबाइलवर वाजवायचं एक नवं वाद्य बनवत होतो. (ऑफिसात मी आवक-जावक बघतो, पण माणसाला हौस असते.) फोन तिरका केला की सूर चढतो, सरळ केला की उतरतो, आवाज हॉलमधल्या स्पीकरवर. प्रश्न एवढाच, फोन बांधायचा कशाला? झारा झाला, बॅडमिंटनची रॅकेट झाली. शेवटी हँगरला रबरबँडने आवळला आणि काय सांगू, असा झकास झुलायला लागला! (हाताला घाम फुटतो म्हणून फोन प्लास्टिकच्या पिशवीत.)

रविवारी सासरे ऐकायला येणार होते. निवृत्त संगीतशिक्षक. पसंत पडलं तर त्यांच्या शिष्यांच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं मिळणार होती. पण खरं सांगू? मला त्यांच्या तोंडून एक 'वा!' हवा होता. अकरा वर्षं जावई आहे, 'बरं'च्या पुढे गाडी कधी गेली नाही.

वाद्य चालू करून खुर्चीवर ठेवलं आणि अंघोळीला गेलो. येऊन बघतो तर सासरे हॉलमध्ये हजर आणि खुर्ची रिकामी! वाद्य शोधायला मी बेडरूममध्ये पळालो, पलंगाखाली शिरलो. तेवढ्यात हॉलमधला स्पीकर गायला लागला.

"वा!" सासरे म्हणाले. "वा, जावईबापू! हात काय हलका आहे!"

जावईबापू पलंगाखाली, तोंडात धूळ. मग वाजवतंय कोण? फोन लावून शोधावा तर सूर थांबणार, आणि दुसरा 'वा' आत्ताच आला होता. तसाच रांगत बाहेर आलो. बघतो तर काय, पडदा फुगला की सूर चढतोय, पडदा पडला की उतरतोय! वाऱ्याच्या मागे मागे गॅलरीत गेलो. दोरीवर माझा निळा चौकटीचा शर्ट ओलाचिंब झुलत होता, आणि त्याच्या गळ्यातून डोकावत होता माझा फोन.

"अगं, हँगरला फोन दिसला नाही तुला?" मी बायकोला कुजबुजत विचारलं.

"दिसला की! आठ दिवस झाऱ्यालाही फोन बघतेय मी. शर्टाला हँगर कमी पडला, घेतला."

अजून वेळ गेली नव्हती. मी हळूच हँगर काढला आणि स्वतः वाजवायला लागलो. मनापासून, अगदी जीव ओतून.

"अरेरे!" हॉलमधून आवाज आला. सासरे उठून गॅलरीत आले. "आता कोणी घेतलं हातात?"

"ह्यांनी," बायको म्हणाली. (तिला खोटं बोलता येत नाही. एरवी हा गुण आहे.) "आधी ह्यांचा शर्ट वाजवत होता."

सासऱ्यांनी शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कार्यक्रमाला शर्ट पाठवा," ते म्हणाले. "तुम्ही आत नसलात की छान वाजतो."

शर्टाला दहाची पंधरा मिनिटं मिळाली. मी शेजारी टेबलफॅन धरून उभा होतो. तो कसा धरला, असं नंतर मी सासऱ्यांना विचारलं.

"बरं," म्हणाले.