गॅरेजमधली पूर्वापार यंत्रणा

घरात नवीन यंत्र आलं की जुन्या माणसाने थोडं सरकून बसावं, यावरच सगळी प्रगती उभी आहे. आजींना हे तत्त्व तोंडपाठ होतं. रेडिओ आला तेव्हा त्यांचं शिलाई मशीन खिडकीपासून हललं. फ्रिज आला तेव्हा त्या स्वतः जेवणाच्या टेबलाच्या टोकाला गेल्या. टीव्ही आल्यावर त्यांची खुर्ची दाराआड गेली (तिथून आवाज उत्तम यायचा). पुढे गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं आणि आजी खाली गॅरेजमध्ये आल्या. त्या गॅरेजमध्ये गाडी कधीच मावली नव्हती; आजी मात्र खाटेसकट मावल्या. शटर अर्धं वर केलं की रस्ता दिसे आणि येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जाई. या वयात एवढी मोक्याची जागा मिळायला नशीब लागतं.

मग मुलाने घर पूर्णपणे विजेवर आणायचं ठरवलं. भिंतीवरची मोठी बॅटरी, गाडीचा चार्जर आणि पाणी तापवायचा पंप. नगरपालिकेने यासाठी अत्यंत दूरदर्शी नियमावली केली होती. निवासी विभागात ही सामग्री घरात चालत नाही, कारण घरात माणसं असतात. बाहेर चालत नाही, कारण कुंपणालगतची जागा मोकळी सोडायची असते (तिथे फक्त फुटक्या कुंड्या ठेवायची पद्धत आहे). राहता राहिलं गॅरेज. तिथेही अटी होत्या: हवा खेळती हवी, यंत्रापुढे तीन फूट जागा मोकळी हवी आणि आत कोणी झोपत नसावं.

"आईंना वर आणू," सून म्हणाली.

"वर चढेल कशीबशी. पण मग खाली कशी उतरणार ती?"

"उतरून जायचंय कुठे त्यांना?"

प्रश्न बिनतोड होता. वर म्हणजे मधल्या खोलीचा कोपरा. समोर कपाट. आजींचा रस्ता सुटणार होता. पण सरकण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. त्यांनी चष्मा लावून बॅटरीची माहितीपुस्तिका वाचून काढली. थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो. मधूनच घरघर होते, तो बिघाड समजू नये. झटके देऊ नयेत.

"ही तर माझी धाकटी बहीणच," त्या म्हणाल्या. "फक्त हिला वॉरंटी आहे."

तपासणीला नगरपालिकेचा निरीक्षक आला. सरळ माणूस, दिसेल ते मोजायचा. बॅटरीची भिंत मोजता मोजता खाटेपाशी थांबला.

"इथे कोण झोपतं?"

"झोप कुठली बाबा या वयात. नुसती पडलेली असते."

निरीक्षकाने 'कोणी झोपत नाही' असं लिहिलं. मग त्याला शंका आली. "मग तुम्ही इथे नक्की काय करता?"

"पडल्या पडल्या घरघरते."

"कधीपासून?"

"या घराच्या पायावर पाणी मी मारलंय. घराच्या आधीपासूनच धर ना."

निरीक्षकाचा चेहरा उजळला. एक कलम होतं: इमारतीइतकी जुनी यंत्रणा 'पूर्वापार यंत्रणा' समजून आहे त्या जागी राहू द्यावी. त्याने लगेच आवाज मोजला. पंप सहज पास झाला, आजी खोकल्यामुळे काठावर. चालू स्थितीत आहात का, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "गुडघे सोडून." तशी नोंद झाली.

मुलाला ओशाळल्यासारखं झालं. "अहो साहेब, आई आहे ती माझी."

"त्यासाठी वेगळं कलम नाही," निरीक्षक म्हणाला.

मंजुरी आली. पूर्वापार यंत्रणा लेखी परवानगीशिवाय हलवू नये. तिच्यापुढची जागा मोकळी ठेवावी. घरमालकाने आठवड्यातून एकदा स्वतः तिच्यासमोर उभं राहून तपासणी करावी आणि सही करावी. त्याच दिवशी सुनेने खाटेपुढचे रिकामे खोके उचलले (आजींनी अनेकदा सांगितलं होतं, पण आजी म्हणजे काही नगरपालिका नव्हे).

आता दर रविवारी मुलगा खाली येतो. आधी बॅटरीसमोर उभा राहतो, मग आईसमोर.

"आवाज वगैरे?"

"आहे तेवढाच."

"गरम होतेयस का?"

"तू उशिरा आलास की होते."

परवा तर तो खाटेच्या कडेवर टेकला आणि चहा होईपर्यंत बसून राहिला. तपासणी उभ्यानेच करावी असा स्पष्ट नियम आहे. आजींनी अजून तक्रार केलेली नाही.

हा नियम फक्त गॅरेजपुरता आहे, हे इथे नमूद केलं पाहिजे. ज्यांची आई दिवाणखान्यात, आतल्या खोलीत किंवा दुसऱ्या गावी असते, त्यांना आठवड्याच्या तपासणीचं कसलंही बंधन नाही. अशा वाचकांनी निर्धास्त राहावं. आजवर राहिलात तसंच.