समजाआप्पा

आमच्या गल्लीत आप्पांना साधं "जेवलात का?" विचारायचीही सोय नव्हती. ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. "समजा, मी क्ष भाकरी खाल्ल्या," अशी सुरुवात करून विचारणाऱ्याला ओट्यावर बसवून घेत. "तुम्ही माझ्यापेक्षा दोन जास्त खाल्ल्या. मग तुमच्या किती झाल्या?" विचारणारा बिचारा डबा घेऊन लूमवर निघालेला, तो कसला सांगतोय. म्हणून त्यांचं नावच पडलं समजाआप्पा. आडनाव कोणाला ठाऊक नव्हतं, पोस्टमनसुद्धा समजाआप्पा कुठे राहतात म्हणूनच विचारायचा.

ही सुरतची, नव्वदनंतरची गोष्ट. पर्वत पाटियाच्या मागे आमची सगळी खानदेशी वस्ती. पुरुष कापडाच्या लूमवर, आणि आम्ही बायका घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचो. आप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगा-सून कामरेजला घर बांधून तिकडे राहायला गेले. आप्पा इथेच राहिले, खडूच्या तुकड्यांसकट. कोणी काही बोललं की त्याचं बीजगणित करून ओट्यावर लिहायचं, हा त्यांचा नाद.

एकदा आम्ही शटल रिक्षात बसून स्टेशनला निघालो होतो. रिक्षावाला गुजराती. आप्पांनी त्यालाही सोडलं नाही. "समजो के पाछळ क्ष जण बेठा छे, ने आगळ एना करतां बे ओछा..." रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं आणि म्हणाला, "काका, ए क्षभाईने कहो, जरा खसीने बेसे." त्याला वाटलं, क्षभाई नावाचा कोणी पॅसेंजर जागा अडवून बसलाय.

बोलण्यात आप्पा भारी काटेकोर. घरी पावणे आलेत म्हटलं की विचारायचे, "पावणे किती? पावणे दोन की पावणे तीन?" माझी शेजारीण मंगला एकदा नळावर तणतणत होती, ती पलीकडची माझ्या दुपटीने जास्त पाणी भरते म्हणून. आप्पा तिथे पोचलेच.

"दुप्पट, की दुपटीने जास्त? दुप्पट म्हणजे दोन क्ष. दुपटीने जास्त म्हणजे तुझा एक, वर आणखी दोन. तीन क्ष झाले. भांडायचं तर आधी नीट ठरवून घे."

नळाचं पाणी जायची वेळ झालेली. मंगला कमरेवर घागर चढवत म्हणाली, "आप्पा, नळ जाई राहिना. तुमनं समजा मंग करा."

अशा माणसाकडे मी शिकायला गेले. त्याचं असं झालं, वस्तीतल्या बालवाडीत मी मदतनीस होते. बाई म्हणून कायम व्हायचं तर दहावी पास पाहिजे. माझं सातवीतच लग्न झालेलं. बाकीचे विषय माझे मी वाचून काढले, पण गणितात दोनदा नापास. या खेपेला राहिले तर जागा दुसऱ्या कोणाला देणार, असं मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणून दुपारी आप्पांच्या ओट्यावर जाऊ लागले. सोबतीला मंगला, टिकल्यांची साडी मांडीवर घेऊन.

पुस्तकात इंग्रजी एक्स छापलेला असायचा, आप्पा त्याला क्षच म्हणायचे. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आप्पा, हा क्ष म्हणजे किती?"

"माहीत नाही."

"मग लिहायचा कशाला?"

आप्पांनी खडू खाली ठेवला. "आज डब्यात भाकरी किती दिल्या?"

"ह्यांना चार दिल्या."

"ह्यांना म्हणजे कोणाला?"

मी पदर सावरला. मंगला फिसकन हसली.

"नाव घेत नाही ना? नका घेऊ. पण ह्यांचा डबा, ह्यांची पाळी, ह्यांचा रुसवा, सगळं बिनचूक चालतं ना नावावाचून? क्ष तसाच. आधी त्याच्याकडून सगळं काम करून घ्यायचं. गणित सुटलं की शेवटी नाव घ्यायचं."

"म्हणजे उखाणाच की," मंगला म्हणाली.

"उखाणाच," आप्पा खूश झाले.

त्या दिवसापासून माझी क्षची भीती गेली. संध्याकाळी हे घरात आले की मला उगाच हसू फुटायचं. हे विचारायचे, काय झालं? आता काय सांगणार.

पण कंसात मी रोज अडकायचे. "एका संख्येत तीन मिळवून येणाऱ्या बेरजेची दुप्पट" असं आलं की मी कंस बरोबर घालायचे, आणि सोडवताना क्षची दुप्पट करून तीन तसेच ठेवायचे. आप्पा कधी रागावले नाहीत. म्हणायचे, "बाई, कंस म्हणजे घर. बाहेरचा दोन वाढायला दारात उभा आहे. तुम्ही पहिल्याच्या ताटात वाढलं आणि माघारी वळलात. मागे तीन बसलेत, ते उपाशी." पुढे परीक्षेत तसलंच गणित आलं आणि मला आधी ते मागे बसलेले तीन दिसले. दोघांनाही वाढलं.

पास झाले. काठावर, पण झाले. आज वस्तीतली मोठाली माणसं रस्त्यात थांबून मला बाई म्हणतात, ते त्या ओट्याचं देणं आहे. कुठल्या शब्दांत आभार मानायचे अशा माणसाचे.

निकालाच्या दुपारी पेढे घेऊन मी आणि मंगला आप्पांकडे गेलो. पाया पडले. आप्पांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. ओटा फडक्याने पुसून ठेवलेला, आमच्या बसायच्या जागी गोणपाट अंथरलेलं.

"बालवाडी कधीपासून?"

"सोमवारपासून. दुपारी सुटते."

"दुपारी," ते म्हणाले. खडू बोटांत फिरवत राहिले. मग गल्लीकडे बघत म्हणाले, "वर्तुळाचं प्रकरण आपण ऑप्शनला टाकलं होतं. ते राहिलंय बरं का."

माझ्या हातात गुणपत्रिका होती. आता मला वर्तुळ घेऊन काय करायचं होतं. मंगला काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"हो आप्पा, ते राहिलंयच," मी म्हटलं. "सोमवारी येते, बालवाडी सुटली की."

तेव्हा कुठे त्यांनी पेढा तोंडात टाकला.

वर्तुळाचं प्रकरण फार मोठं निघालं. आप्पा होते तोवर ते संपलं नाही.