मोरा ते नेरे, मार्गे कोन

“बाबा, अख्ख्या दिल्लीची माणसं कुठून कुठे न्यायची हे मी आखतो, आणि तुम्ही मला दोन टेम्पोंची काळजी सांगताय?”

गुरुदत्तने हे वाक्य पनवेलच्या कोळीवाड्यात, भर ओटीवर, चार शेजाऱ्यांच्या कानी जाईल अशा आवाजात टाकलं, आणि तिथेच घोटाळ्याचा नारळ फुटला!

गुरुदत्त इंजिनिअर होता. राजधानीत पहिली मेट्रो काढायची म्हणून १९९४ साली जे नकाशे चालले होते, त्या कामावर तो दिल्लीत होता. गाडी अजून कागदावरसुद्धा धड धावत नव्हती. पण त्याच्या डोक्यात ती झोपेतही धावायची. धाकट्या बहिणीच्या, नीताच्या लग्नासाठी तो घरी आला, तर मांडव मामाने घेतलेला, जेवण आईने, मानपान बाबांनी. त्याला मात्र जो तो म्हणे, “तू बस रे, दमून आलास!” आपल्याच घरात पाहुणा! ते त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. बहिणीसाठी एक तरी काम आपल्या हातून व्हावं, म्हणून त्याने हट्टाने वऱ्हाडाची वाहतूक मागून घेतली.

काम म्हटलं तर एवढंसं. नवरामुलगा हरेश उरणजवळच्या मोरा बंदराचा. लग्न नेऱ्याला, मामाच्या अंगणात. काशिराम, म्हणजे गुरुदत्तचे वडील, म्हणत होते, एक टेम्पो मोऱ्याहून नेऱ्याला, दुसरा पनवेलहून नेऱ्याला. झालं!

“छे! हे नियोजन नव्हे,” गुरुदत्त म्हणाला. त्याने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लाल-निळ्या रेघा ओढल्या. “लाल मार्ग मोरा ते कोन गाव. निळा मार्ग पनवेल ते कोन. दोन्ही वऱ्हाडं कोनला भेटणार, गाड्या बदलून एकमेकांत मिसळणार आणि नेऱ्यात एकदमच वाजतगाजत शिरणार. कोन म्हणजे आपलं अदलाबदल स्थानक!”

काशिरामांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं.

“अरे पोरा, नेरं हिकडं नि कोन तिकडं! घास तोंडात घालायचा तर कानामागनं कशाला फिरवायचा?”

“दिल्लीत असंच करणार आहेत, बाबा.”

“केलंय का?”

“करणार आहेत!”

“मंग त्यांचं होऊ दे की आधी! आमच्या पोरीवर कशाला?”

नीता आतून तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली, “बाबा, करू दे दादाला. किती दिवसांनी आलाय तो.” काशिरामांनी कॅलेंडर गुरुदत्तच्या हातात दिलं.

हळदीच्या संध्याकाळी बँड कान फोडत होता. मोऱ्याला जाणारा टेम्पोवाला देवजी निघायच्या बेतात होता. गुरुदत्तला एकाएकी आठवलं, आपल्याकडचा टेम्पो म्हणजे दर देवळाशी नारळाला थांबणार, दर नाक्यावर एकेका मावशीला उचलणार! मेट्रो कोणासाठी थांबत नसते. देवजीला हा दिल्लीचा साहेब वाटायला नको, म्हणून तो मुद्दाम कोळीवाड्याच्या बोलीत ओरडला, “देवजी, शेवटचं ऐक! कोनासाठी थांबायचं नाय!”

“कोनासाठी नाय थांबायचं?”

“नाय म्हंजे नाय!”

देवजीचा चेहरा उजळला. “मीबी तेच म्हनत होतो, भाऊ!” म्हणत त्याने गाडी काढली. आपली शिस्त एका रात्रीत लोकांत मुरली, या आनंदात गुरुदत्त बँडपुढे दोन पावलं नाचलासुद्धा!

दुसऱ्या दिवशी निळा मार्ग कोनला अगदी वेळेवर पोहोचला. वडाखाली टेम्पो उभा राहिला. नीता मुंडावळ्या सावरत चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर बसली. बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, तशी गावातली माणसं जमली. आपल्या गावात लग्न आणि आपल्यालाच पत्ता नाही!

“नवरा कुठाय?” एका आजीने विचारलं.

“येतोय. लाल मार्गाने,” गुरुदत्त म्हणाला.

लाल मार्ग काही येईना. बँडवाल्यांची गाणी संपली, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. काशिराम म्हणाले, “चल, आपण नेऱ्याला निघू.”

“आणि ते इथे येऊन आपल्याला शोधत बसले तर? टेम्पो बिघडला असेल, बाबा. मी बघून येतो. मी येईपर्यंत इथून कोणी हलायचं नाही!”

तो बंदराकडे जाणाऱ्या एका ट्रकवर चढला. नीताने हात हलवला. मुंडावळ्या बांधलेली बहीण टपरीच्या बाकड्यावर एवढीशी दिसत होती.

वाटेत कुठेच टेम्पो दिसला नाही. मोऱ्याला धक्क्याजवळ एक बाई बोंबील वाळत घालत होती. “वऱ्हाड?” ती म्हणाली. “ते तर सकालीच गेलं! देवजी सांगत होता, कोनाचं रद्द झालंय, आता सरल नेरं! नवरीच्या भावानंच सांगितलंय!”

“मी कधी सांगितलं? मी म्हणालो, कोनासाठी...”

आणि तो तिथेच दोरखंडाच्या वेटोळ्यावर मटकन बसला. कोणासाठी. कोनासाठी. आपल्याच बोलीने आपला गळा धरला होता! मुहूर्त टळला होता. नवरा नेऱ्यात, नवरी कोनला, आणि तिला तिथे जखडून ठेवणारा भाऊ मोऱ्याला! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बोंबीलवाल्या बाईने काही न विचारता त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि मासळीच्या टेम्पोत बसवून दिलं. पुढे जागा नव्हती. तो मागे बर्फाच्या पेटीवर बसला.

कोनला वडाखाली झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या उरल्या होत्या. टपरीवाला म्हणाला, “गेले सगळे! नवरा लुनावर आला आणि नवरीला मागे बसवून घेऊन गेला!”

नेऱ्याला मांडवाच्या दाराशी काशिराम उभे होते. गुरुदत्तची मान वर होईना.

“बाबा, मी...”

“आधी ऐक,” काशिराम म्हणाले, आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. रागाने नव्हे, हसू दाबता दाबता! “मोऱ्याचं वऱ्हाड हितं आलं, तर नवरी नाय. हरेशच्या काकानं, रांधायला आधीच आलेल्या तुझ्या आयेला इचारलं, पोरगी कुठाय? तिला काय सांगावं कलेना. ती म्हनाली, मेट्रोत हाय!”

“मग?”

“मंग काय! काका भडकला. कोन हाय हा मेट्रो? कुठल्या गावचा पोरगा? बोलवा त्याला! हरेश मातर शाना. तो म्हनाला, गावात त्या कोनला भेटायच्या कायतरी गोष्टी चालल्या होत्या. दूधवाल्याची लुना घेतली नि सुटला. भटजीनं पुढचा मुहूर्त काढला, अक्षता पडल्या. पन लगीन पुरं नाय झालं.”

“का?”

“नीता बसून हाय. कानपिलीला भाऊ पायजे म्हनते. चुलतभाऊ पुढं आले, तर तिनं सगल्यांना परत पाठवलं. माझा दादा येतोय म्हनाली, वाटेत हाय.”

गुरुदत्त ओल्या पँटने, तशाच मासळीच्या वासाने मांडवात शिरला. नीताने त्याला पाहिलं आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू तिच्या डोळ्यांतून सांडलं. हरेशने मान वाकवून कान पुढे केला. नवऱ्या मुलाचा कान पिळून बहिणीला सांभाळ म्हणायचं, हा भावाचा मान! पण गुरुदत्तचा हात बर्फाने बधिर झालेला. त्याने कान नुसता धरला.

“पिळ की, दादा!” नीता रडत हसत म्हणाली.

त्याने हलकेच पिळला. तोच हरेशने हात वर केला आणि मेव्हण्याचा कान धरून असा काही पिळला, की मांडव हसून हसून खाली बसला! कान न सोडताच तो कुजबुजला, “साखरपुड्यापासून हिच्याशी कोनी बोलू दिलं नव्हतं. आज कोनपासून नेऱ्यापर्यंत पोटभर बोललो. तुमची मेट्रो झ्याक हाय, दादा!”

गुरुदत्त लालबुंद कानाने, ओल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघून हसला. आता एखादं चांगलंसं वाक्य बोलावं म्हणून त्याने घसा खाकरलाही. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत त्याची आई, गंगाबाई आली, लुगड्याच्या पदराने तिने लेकाचं तोंड खसाखसा पुसलं आणि म्हणाली,

“आधी आंघोल कर जा, मेल्या! सगल्या मांडवाला बोंबलाचा वास सुटलाय!”